राणी पायऱ्यांपाशी थांबली तेव्हा

२२ जून १८९७ ही तारीख मराठी माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. शाळेच्या पुस्तकात ती येऊन गेलेली असते, आणि जयू व नचिकेत पटवर्धन यांच्या सिनेमाचं तर नावच ते आहे. पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ होता. तो आटोपून परतताना प्लेग कमिशनर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे.

पण ज्या राणीच्या नावानं पुण्यात रोषणाई चालली होती, ती स्वतः त्या दिवशी काय करत होती? लंडनचं घड्याळ पुण्याच्या मागे. इथे मध्यरात्र, तेव्हा तिथे संध्याकाळ. तिचा मुख्य कार्यक्रम दुपारीच उरकला होता. सेंट पॉल्स कॅथीड्रल या लंडनच्या सगळ्यात दिमाखदार चर्चपाशी देवाचे आभार मानायचे, असा तो कार्यक्रम. मी 'चर्चपाशी' म्हणतोय, 'चर्चमध्ये' नाही. कारण राणी आत गेलीच नाही. आठ घोड्यांची उघडी बग्गी पश्चिमेच्या भव्य पायऱ्यांखाली येऊन उभी राहिली आणि प्रार्थना रस्त्यावरच झाली.

कारण अगदी घरगुती होतं. राणीला पायऱ्या चढता येत नव्हत्या.

तिचं वय ७८. चौदा वर्षांपूर्वी, मार्च १८८३मध्ये, ती विंडसरच्या राजवाड्यात जिन्यावरून पडली होती आणि त्यानंतर पाय पूर्वीसारखा झाला नाही. संधिवात होता, वजन वाढलं होतं, मोतीबिंदूनं नजर अंधुक झाली होती. राजवाड्यात ती चाकाच्या खुर्चीतून फिरे, बागेत तट्टू जोडलेल्या छोट्या गाडीतून. १८८७नंतर दिमतीला आलेले हिंदी नोकर तिला उठायबसायला हात देत. घरात या गोष्टीचा बाऊ नव्हता. पण चौकात, लाखो डोळ्यांसमोर, साम्राज्याच्या राणीनं खुर्चीत बसून उचलून न्यायला तयार व्हायचं? ते बहुधा कुणाच्या मनातही आलं नसावं, किंवा आलं असलं तरी बोललं गेलं नसावं. हा माझा अंदाज.

मग झालं असं, की राणी वर जाईना म्हणून चर्च खाली आलं. पायऱ्यांवर बिशप, पाद्री, शेकडो गायकांचा ताफा आणि बँड. कँटरबरीचे आर्चबिशप फ्रेडरिक टेम्पल हेही तिथेच, उघड्यावर. स्तोत्रं, प्रार्थना, आशीर्वाद. वीसेक मिनिटांत कार्यक्रम संपला, टेम्पल यांनी राणीच्या नावानं जयघोष करवला आणि बग्गी पुढे निघाली. अँड्र्यू कॅरिक गो या चित्रकारानं हा प्रसंग रंगवला आहे. नुकत्याच जन्मलेल्या सिनेमाचे कॅमेरेही त्या दिवशी रस्त्यावर होते. मिरवणुकीची काही चित्रफीत आजही पाहायला मिळते.

राणीची चुलत बहीण ऑगस्टा, मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलिट्सची ग्रँड डचेस, या बेतावर भलतीच संतापली होती. साठ वर्षं राज्य केल्यावर देवाचे आभार रस्त्यावर मानायचे, हे तिला पटेना. तिची नाराजी समजण्यासारखी आहे. पण तिच्याही तोंडून 'मग पायऱ्यांचंच काही करा' असं निघालं नाही. मिरवणुकीच्या वाटेवर प्रेक्षकांना बसायला लाकडी मचाणं उभारली होती. सुतार होते, लाकूड होतं, पैसा तर होताच. एक लाकडी उतार करणं त्या साम्राज्याला जड नव्हतं. पण बदलला तो कार्यक्रम. पायऱ्या होत्या तिथेच राहिल्या.

जिथे बग्गी थांबली तिथे पुढे फरशीत अक्षरं कोरली गेली: इथे राणी व्हिक्टोरियानं आपल्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानले, अशा अर्थाची. येणाजाणाऱ्यांना तो मानाचा दगड वाटतो. मला तो असाही वाचता येतो: इथून पुढे राणीला जाता आलं नाही.

*

या पायऱ्या आल्या कुठून?

१६६६च्या सप्टेंबरमध्ये लंडनला मोठी आग लागली आणि लडगेट टेकडीवरचं जुनं सेंट पॉल्स तिच्यात गेलं. नव्या इमारतीचं काम क्रिस्टोफर रेन याच्याकडे आलं. तो मुळात खगोलशास्त्राचा प्राध्यापक. १६७५मध्ये पायाचा दगड बसला, डिसेंबर १६९७मध्ये अर्ध्यामुर्ध्या इमारतीत पहिली उपासना झाली आणि १७११मध्ये काम संपल्याचं पार्लमेंटनं जाहीर केलं. पस्तीस वर्षांहून जास्त. काम रेंगाळतंय म्हणून मध्येच पार्लमेंटनं रेनचा निम्मा पगार अडवून ठेवला होता. सरकारी कंत्राटदारांनो, ऐका.

सेंट पॉल्सच्या संपूर्ण इमारतीखाली तळघर आहे. तळघराला उजेड हवा, म्हणजे खिडक्या हव्यात, म्हणजे त्याचा वरचा भाग रस्त्याच्या पातळीच्या वर यायला हवा. साहजिकच मुख्य जमीन उंचावर गेली. पण नुसती ही सोय नव्हती. रेनच्या पिढीच्या डोळ्यांसमोर रोमन देवळं होती, उंच जोत्यावर उभी असलेली. रस्त्यावरच्या गडबडीतून माणूस पायरी पायरी वर चढतो आणि तेवढ्यात त्याचं मन बदलतं, अशी त्यामागची कल्पना. भव्यता वाटावी म्हणून उंची, आणि उंची म्हणजे पायऱ्या.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. 'देवळाची पायरी चढणे' म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे. पंढरपूरला महाद्वाराची पहिली पायरी नामदेवांची, आणि समोर, बाहेर, चोखोबांची समाधी. एका पायरीवर भक्ती आहे आणि तिच्याच पुढ्यात अडवणूक आहे. 'आपली पायरी ओळखून राहा' हे वाक्य ज्या भाषेत आहे, त्या भाषेत पायरी ही फक्त दगडाची गोष्ट कधीच नव्हती. लंडनच्या पायऱ्या कुणाची जात विचारत नव्हत्या. पण गुडघे मात्र विचारत होत्या.

गंमत म्हणजे खुद्द रेनला म्हातारपणी हा प्रश्न आला होता. घुमट बांधला जात होता तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला. काम पाहायला त्याला टोपलीत बसवून दोरांनी वर ओढून घेत. हे आपल्याला कळतं ते मार्लबरोची डचेस सारा हिच्यामुळे. तिच्या स्वतःच्या वाड्याचा वास्तुविशारद फार पैसे मागतोय अशी तिची तक्रार होती. त्यावर तिनं दाखला दिला रेनचा: बिचारा वर्षाला दोनशे पौंडांत जीव धोक्यात घालून टोपलीतून वर जायचा. म्हणजे सेंट पॉल्सची पहिली 'लिफ्ट' खुद्द इमारत बांधणाऱ्यासाठीच होती. काम संपलं, टोपली गेली.

*

पायऱ्यांपुढे हतबल झालेली व्हिक्टोरिया ही पहिली राणी नव्हती. रेनचं काम चालू होतं तेव्हा गादीवर ॲन होती. संधिवाताच्या वेदनांनी ती तरुणपणीच जायबंदी झालेली. एप्रिल १७०२मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत तिचा राज्याभिषेक झाला तेव्हा ती अवघी ३७ वर्षांची होती आणि तिला खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागलं. विजयोत्सवांच्या प्रार्थनांसाठी ती सेंट पॉल्सला येत असे. १७०८मध्ये अशाच एका समारंभाला येताना दागिन्यांवरून तिचं आणि वर उल्लेखलेल्या साराचं बग्गीत भांडण झालं आणि उतरताना सारानं चारचौघांत राणीला गप्प राहायला सांगितलं. त्या मैत्रीचा शेवट तिथून सुरू झाला असं इतिहासकार मानतात. जुलै १७१३मध्ये युट्रेक्टच्या तहाबद्दल मोठी प्रार्थना ठरली, हँडेलनं तिच्यासाठी खास संगीत रचलं. राणी आलीच नाही. आजारपण.

आज पश्चिमेच्या दारासमोर ॲनचाच पुतळा उभा आहे. मूळचा १७१२चा, आताचा १८८६मध्ये केलेली त्याची प्रतिकृती. १८९७च्या समारंभाला तो अडचणीचा होईल म्हणून हलवावा अशी सूचना आली, तेव्हा व्हिक्टोरिया म्हणाली म्हणे, की मुळीच नाही, उद्या कुणी माझाही पुतळा हलवायला निघेल. किस्सा खरा असो वा नसो, तिची भीती खरी ठरली. मुंबईत एस्प्लनेडवर तिचा संगमरवरी पुतळा होता. १८९६मध्ये त्याला डांबर फासून खेटरांची माळ घातल्याचं दामोदर चापेकरांनी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवलं आहे. नंतर तो तिथून हललाच. आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

एक राणी आली नाही, दुसरी आली पण वर गेली नाही. दोघींच्या बाबतीत कुणी 'अपंगांसाठी सवलत' हा शब्द वापरला नाही. ताकदवान माणसासाठी जग वाकतं तेव्हा त्याला सवलत म्हणत नाहीत, व्यवस्था म्हणतात. १८९७ला पायऱ्यांवर उभ्या असलेल्या आर्चबिशप टेम्पल यांचंच पुढचं पाहा. १९०२मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापर्यंत त्यांची नजर जवळपास गेली होती. तर प्रार्थना मोठ्या ठळक अक्षरांत कागदाच्या लांब पट्ट्यांवर छापून त्यांच्यासमोर धरल्या गेल्या. मुकुट घालताना थोडी गडबड झाली, पण राज्याभिषेक त्यांच्याच हातून झाला. ठळक अक्षरांतला मजकूर ही आज प्रत्येक संग्रहालयाकडे मागावी लागणारी सोय आहे.

*

आता जरा तळघरात जाऊ. सेंट पॉल्सच्या तळघरात इंग्लंडची मोठी माणसं पुरलेली आहेत. मार्गदर्शक त्यांची ओळख करून देतात ती सेनापती, चित्रकार, वास्तुविशारद म्हणून. ओळख दुसऱ्या बाजूनंही करून देता येईल.

घुमटाच्या बरोबर खाली नेल्सन. १७९४मध्ये कोर्सिकाच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, १७९७मध्ये टेनेरिफला उजवा हात गेला. ट्रफल्गारची लढाई तो एका हातानं आणि एका डोळ्यानं लढला. जानेवारी १८०६मधल्या त्याच्या अंत्ययात्रेत ग्रिनिचच्या आश्रयगृहातले थकलेले, जायबंदी झालेले जुने नाविकही चालले. पण वर चर्चमध्ये फ्लॅक्समननं घडवलेला त्याचा पुतळा पाहा. अंगावर जाड फरचा डगला असा सोडला आहे, की तुटलेला हात दिसूच नये. ट्रफल्गार चौकातल्या खांबावरच्या पुतळ्याला रिकामी बाही आहे. चर्चमधल्या पुतळ्यानं ती झाकली.

नेल्सनपासून जवळच वेलिंग्टन. १८२२मध्ये कानावरच्या एका जहाल उपचारानं त्याचा डावा कान कायमचा गेला. मग चित्रकार जोशुआ रेनल्ड्स. रोममध्ये असताना त्याची श्रवणशक्ती गेली आणि उरलेलं आयुष्य तो कानाला कर्णा लावून लंडनच्या मैफिलींत बसला. कानामागे हात धरून ऐकणारा असं स्वतःचंच एक चित्रही त्यानं काढलंय. १७८९मध्ये एका डोळ्याची दृष्टी गेली आणि चित्रं काढणं थांबलं. आणि कोपऱ्यात, साध्या दगडाखाली, टोपलीतून वर जाणारा रेन. त्याचं स्मारक हवं असेल तर आजूबाजूला पाहा, असं त्याच्या समाधीजवळ लॅटिनमध्ये लिहिलं आहे.

म्हणजे या इमारतीत अपंग माणसं पहिल्यापासून होती. मानानं होती. फक्त त्यांच्यातलं ते एक अंग कोरताना झाकलं गेलं आणि सांगताना गाळलं गेलं. अडचण होती ती जिवंत, अनाम, आपल्या पैशानं बसचं तिकीट काढून येणाऱ्या माणसाची.

('अपंग' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' असतं. पायऱ्यांपुढे थांबलेल्या माणसाला दिव्य काय वाटत असेल हे त्यालाच विचारावं.)

*

हा अनाम माणूस व्हिक्टोरियाच्या काळात कुठे होता? भीक मागत असेल तर १८२४च्या कायद्यानं त्याला तुरुंगात टाकता येत होतं. नाहीतर धर्मादाय संस्थेच्या कार्यशाळेत टोपल्या विणत. 'शूर बिचाऱ्यांचा संघ' अशा अर्थाचं नाव असलेली एक संघटना १८९४मध्ये लंडनमध्ये सुरू झाली, अपंग मुलामाणसांसाठी. नावातच त्या काळचा सगळा स्वभाव आला: तुम्ही शूर आहात आणि तुम्ही बिचारे आहात. हक्काचा शब्द नाही.

पण त्याच दशकात आंधळ्या कामगारांनी स्वतःची संघटना बांधली आणि १८९९मध्ये ती कामगार संघटना म्हणून नोंदवली. १९२०च्या वसंतात देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आंधळे कामगार लंडनपर्यंत पायी चालत आले. त्यांच्या फलकावरची मागणी होती, दया नको, न्याय हवा. त्याच वर्षी पार्लमेंटनं अंध व्यक्तींसाठी कायदा केला.

इमारतींपर्यंत गोष्ट यायला आणखी पन्नास वर्षं गेली. १९७०मध्ये आल्फ मॉरिस या खासदारानं खासगी विधेयक म्हणून आणलेला कायदा मंजूर झाला. लोकांसाठी खुल्या इमारतींत अपंगांना जाता यावं अशी तजवीज करा, असं त्यानं प्रथमच म्हटलं. आणि पुढे जोडलं: जितकं व्यवहार्य आणि वाजवी असेल तितकं. या शेपटातून हत्ती जाईल. ऐतिहासिक इमारतीत तर काहीच 'व्यवहार्य' नसतं. १९९५ला अपंगांविरुद्धच्या भेदभावाला मनाई करणारा कायदा आला (आपल्याकडचा अपंग व्यक्ती कायदाही त्याच वर्षीचा), पण इमारतींमधले अडथळे दूर करण्याची जबाबदारी प्रत्यक्ष लागू व्हायला ऑक्टोबर २००४ उजाडला. मग २०१०चा समानता कायदा.

आणि कॅथीड्रलची गोष्ट निराळीच. इंग्लंडमधल्या कॅथीड्रलना संरक्षित ऐतिहासिक इमारतीत बदल करायची खास परवानगी नेहमीच्या सरकारी वाटेनं घ्यावी लागत नाही. त्यांच्यासाठी चर्चची स्वतःची यंत्रणा आहे, १९९०च्या नियमांनी उभी केलेली. वारसा जपणारे तज्ज्ञ तिथे प्रत्येक दगडाचा हिशेब मागतात. ते चूक नाही. रेनच्या इमारतीवर कुणीही उठून काँक्रीटची घसरगुंडी ओतावी असं कोण म्हणेल? पण 'मूळ रूप' हा शब्द जपून वापरायला हवा. घुमटाखालची बरीचशी चकाकणारी मोझेक चित्रं व्हिक्टोरियाच्या काळातली आहेत, आत्ताची मुख्य वेदी दुसऱ्या महायुद्धानंतरची, आणि पश्चिमेच्या दारापुढची ॲन राणी प्रतिकृती. इमारत सतत बदलत आली आहे. बदल कुणासाठी करायचा, यावरच कायम घोडं अडलेलं असतं.

शिवाय गणित आहे. व्हीलचेअर स्वतः ढकलत चढायची तर उतार सौम्य लागतो. एक मीटर वर जायला कमीत कमी बारा मीटर लांबीचा उतार, खरं तर वीसच बरा, आणि मध्ये दम घ्यायला सपाट जागा. आपल्याकडे बँकांच्या दाराशी जे उभे कडे बांधून त्यांना रॅम्प म्हणतात, त्यांवरून व्हीलचेअर नाही, फार तर मांजर चढेल. उंच जोत्याच्या इमारतीला हा उतार लांबच लांब होत जातो आणि दर्शनी बाजूला ठेवायची कुणाची छाती होत नाही. म्हणून जगभरच्या जुन्या इमारतींनी एक सोपी वाट काढली: बाजूचं दार. सेंट पॉल्समध्येही व्हीलचेअरवरचा माणूस वर्षानुवर्षं दक्षिणेच्या अंगाच्या बाजूच्या दारानं, लिफ्टमधून आत येत होता.

यात वाईट काय, असं वाटू शकतं. आत तर जाता येत होतं. पण मित्रांबरोबर आलेला माणूस दारापाशी त्यांच्यापासून तुटतो. ते समोरून पायऱ्या चढून, मान वर करून, ती सगळी भव्यता अंगावर घेत आत जातात. हा मागून, सामान येतं तसा. रेननं जो 'प्रवेश' रचला होता, ज्यासाठी इतकं दगडकाम केलं होतं, तो अनुभव याच्या वाट्याला येत नाही. १८९७ला निदान अख्खा गायकवृंद खाली आला होता.

*

सेंट पॉल्सचा नकाशा क्रूसासारखा आहे. क्रूसाचे जे दोन आडवे हात, त्यांच्या टोकाला एक एक दार आहे. तिथे रेननं गोलाकार पोर्च केले: अर्धवर्तुळात उभे खांब आणि त्यांच्याभोवती पाण्यातल्या तरंगांसारख्या पसरत गेलेल्या अर्धगोल पायऱ्या. माझ्या मते पश्चिमेच्या भारदस्त दर्शनापेक्षा हे पोर्च जास्त देखणे आहेत, पण ते असो.

उत्तरेच्या हातानं एक मोठा घाव सोसलेला आहे. एप्रिल १९४१मध्ये जर्मन विमानांनी टाकलेला बॉम्ब इथेच छत फोडून आत पडला आणि फुटला. जमिनीला भगदाड पडून ढिगारा तळघरात गेला. युद्धानंतर तो भाग पुन्हा उभा करण्यात आला. म्हणजे इथे 'मूळ रूप' एकदा चक्काचूर होऊन परत जुळवलेलं आहे.

नवा उतार केला गेला तो याच बाजूला, २०२२मध्ये. वास्तुविशारद कॅरो आर्किटेक्चर. त्यांनी शोधलेला उपाय सांगायला सोपा आहे: पायऱ्या गोल आहेत ना, मग उतारही गोल. पोर्चच्या दोन्ही अंगांनी दोन बाहू निघतात आणि पायऱ्यांना कवेत घेत दारापाशी येतात. दगड त्याच जातीचा, पोर्टलँडचा, ज्यानं सगळं सेंट पॉल्स बांधलं आहे. एकाच बाजूला उतार केला असता तर तो चिकटवल्यासारखा दिसला असता. दोन केल्यामुळे रेनची सममिती राखली गेली आणि पाहणाऱ्याला क्षणभर वाटतं की हे असंच होतं. जुन्या इमारतीत केलेल्या नव्या कामाला याहून मोठी पावती नाही.

मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. या दारावर 'अपंगांसाठी' असा वेगळा शिक्का नाही. प्रकल्पाचं नावच समान प्रवेशाचं होतं. बाबागाडी ढकलणारी आई, गुडघेदुखीचे आजोबा, सुटकेस ओढणारा पर्यटक आणि व्हीलचेअरवरची मुलगी एकाच दारानं, एकाच वेळी, बोलत बोलत आत जातात. दार भव्य आहे, मागचं नाही. आत शिरताच काही पावलांवर समोर घुमट उघडतो.

सगळं सुटलं असं मात्र नाही. घुमटातल्या कुजबुज-सज्ज्यापर्यंत २५७ पायऱ्या आहेत. भिंतीला तोंड लावून हळू बोललेलं पलीकडच्या टोकाला ऐकू येतं तो हा सज्जा. वरच्या सोनेरी सज्ज्यापर्यंत ५२८. लिफ्ट नाही, आणि त्या अरुंद दगडी नळीत ती बसवायची कशी याला आज तरी उत्तर नाही. रेननं राजाला दाखवायला केलेला ओकच्या लाकडाचा प्रचंड नमुना, ज्यात माणूस डोकं घालून आतलं दृश्य पाहू शकतो, तोही वरच्या मजल्यावर आहे.

*

३ जून २०२२. सेंट पॉल्समध्ये पुन्हा एका राणीच्या कारकिर्दीबद्दल प्रार्थना होती. एलिझाबेथच्या राज्याला सत्तर वर्षं झाली होती, व्हिक्टोरियापेक्षाही जास्त. १९७७, २००२ आणि २०१२च्या महोत्सवांना ती इथे आली होती. या वेळी तिचं वय ९६. मे महिन्यात चालण्याफिरण्याच्या अडचणीमुळे पार्लमेंटच्या उद्घाटनाला ती जाऊ शकली नव्हती. आदल्या दिवशी राजवाड्याच्या सज्जात ती दिसली, पण संध्याकाळी जाहीर झालं की तिला थोडा त्रास होतोय, उद्याच्या प्रार्थनेला ती येणार नाही. पाहुणे पश्चिमेच्या पायऱ्या चढून आत गेले, कर्णे वाजले, घंटा वाजल्या. राणीनं विंडसरमध्ये बसून ते टीव्हीवर पाहिलं. सप्टेंबरमध्ये ती गेली.

पश्चिमेच्या पायऱ्या आजही तशाच आहेत. त्यांच्या खाली फरशीत व्हिक्टोरियाची ती ओळ आहे, पावलांनी झिजत चाललेली. लोक तिच्यावर उभे राहून समोरच्या दाराचे फोटो काढतात. कुणी व्हीलचेअरवरून आलं असेल तर तिथून डावीकडे वळायचं, इमारतीच्या कडेकडेनं उत्तरेच्या अंगाला जायचं. उतार कुठल्याही बाजूनं चढला तरी चालतो.